एकोणतीस तास दहा मिनिटं

जा. क्र. १/२०२५
चिंचवड
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

चि. बुद्धभूषण यास,

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. या वेळी तू माझ्या दाराची बेल वाजवलीस, बॅग आत ओढलीस आणि म्हणालास, "विमानतळावरून थेट येतोय आई. छत्तीस तास झाले, पाठ टेकलेली नाही." मी तुला अंघोळीला कढत पाणी काढून दिलं. तू जेवलास. मग अडुसष्टाव्या वर्षी खाली बसून मी तुझ्या पायांना तेल चोळलं, का, तर माझ्या लेकाचे पाय विमानात बसून सुजले असतील.

पाय सुजलेले नव्हते. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी तू परत गेलास. तुझं राखाडी जाकीट खुर्चीवरच राहिलं. धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायची माझी सवय तुला ठाऊक आहे, तरी तू खिसे रिकामे केले नाहीस. चाकणच्या कंपनीत सहा वर्षं डिस्पॅचचं काम केलेल्या माणसाने इतकं गाफील राहू नये. खिशात बोर्डिंग पास होता. फ्रँकफर्ट ते मुंबई, ७ नोव्हेंबर.

मी तिसऱ्या मजल्यावरच्या अंजलीकडे गेले. ती तळवड्याला आयटीत आहे, घरी कॉम्प्युटर आहे. तिने एक पान उघडून दिलं. त्यात एका चौकोनात एक विमानतळ लिहायचा, दुसऱ्यात दुसरा, की मध्ये पृथ्वीवरून एक वाकडी रेघ जाते आणि खाली अंतर आणि वेळ येते. डेट्रॉइट ते मुंबई, सुमारे बारा हजार आठशे किलोमीटर. न थांबता उडालं तर साडेपंधरा तास. अंजली म्हणाली, "काकू, हे नुसतं रेघेवरचं गणित. मध्ये विमान बदलावं लागतं." मी म्हटलं, बदलू दे. मग आम्ही तुझ्या विमानांच्या वेळा काढल्या. तू गुरुवारी तिथल्या संध्याकाळी साडेपाचला निघालास. त्या वेळी इथे शुक्रवारची पहाट, चार वाजलेले. मुंबईला शनिवारी पहाटे एक वाजून दहा मिनिटांनी उतरलास. एकवीस तास दहा मिनिटं, फ्रँकफर्टचं थांबणं धरून. बॅग घेऊन, टॅक्सी करून, एक्स्प्रेसवेवर चहा पिऊनसुद्धा तू शनिवारी सहा वाजता इथे असायला हवा होतास.

तू आलास रविवारी अकरा दहाला. एकोणतीस तास दहा मिनिटं कमी पडतात. ती कुठे गेली?

मी एकतीस वर्षं साहेबांची स्टेनो होते. आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरला, गेलेलं प्रत्येक जावकला, आणि उत्तर न आलेल्या पत्राला स्मरणपत्र. त्यामुळे फोन नको, व्हिडिओ कॉल तर नकोच, तिथे तू हसून वेळ मारून नेतोस. हे पत्र अंजली स्कॅन करून पाठवते आहे. तूही लिहून पाठव, ती छापून देईल. उत्तर १ डिसेंबरपर्यंत.

तुझी आई,
आम्रपाली


ट्रॉय, मिशिगन
३० नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. अगं, एवढं काही नाही. फ्रँकफर्टला धुकं होतं, आमचं विमान उशिरा उतरलं आणि पुढचं कनेक्शन चुकलं. रात्र तिथेच खुर्चीवर काढली. दुसऱ्या दिवशीचा पास मोबाईलवर आला, आधीचा कागदी तसाच खिशात राहिला. म्हणून तुला तारीख जुनी दिसते. शिवाय इथली तारीख वेगळी, तिथली वेगळी, साडेदहा तासांचा फरक. त्यात भलेभले गोंधळतात. तुझा आणि अंजलीचाही थोडा गोंधळ झाला असेल.

आणि मी तुला रविवारच सांगितला होता ना? रविवारीच आलो. आमच्या लाइनीत वेळ नेहमी थोडी पुढचीच सांगतात. लवकर पोचलं तर कोणी ओरडत नाही.

स्वप्नाली बरी आहे. दिव्याची शाळा जोरात चालू आहे, जानेवारीत चौदाची होईल. ती विचारते, आजी कधी येणार. जाकीट राहू दे तिकडेच, पुढच्या वेळी नेईन. तेल चोळलंस त्याबद्दल खरंच बरं वाटलं होतं. गुडघ्याचं औषध सोडू नकोस.

तुझा,
भूषण


जा. क्र. २/२०२५
चिंचवड
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चि. बुद्धभूषण यास,

तुझं उत्तर मुदतीत आलं, एवढीच त्यातली चांगली गोष्ट.

मला तारखा शिकवू नकोस. सहावीत सिस्टर बेनेडिक्टा टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवून एकेकीला उभी करायची. एका रेखांशाला चार मिनिटं. चुकलीस तर शाळा सुटेपर्यंत बाकावर उभी. मी एकदाही उभी राहिले नाही. साडेदहा तासांचा फरक मी धरूनच गणित केलं होतं, पत्र पुन्हा वाच.

आता तुझं धुकं. धरून चालू की धुकं पडलं. तू एक दिवस उशिरा, म्हणजे रविवारी पहाटे एक दहाला मुंबईला उतरलास. मग तू सहा वाजता माझ्या दारात हवास. आलास अकरा दहाला. खोटं बोलूनसुद्धा तुला पाच तास दहा मिनिटं उरतातच, भूषण. इतकं कच्चं खोटं कंपनीत कोणी माझ्या टेबलावर ठेवलं असतं तर मी ते साहेबांपर्यंत जाऊ दिलं नसतं.

जाकिटाला आतून एक खिसा आहे. त्यातल्या कागदाबद्दल मी पहिल्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. तू काय लिहितोस ते बघायचं होतं. लोकलचं तिकीट आहे. तळेगाव ते चिंचवड, ९ नोव्हेंबर, सकाळी नऊ बावन्न.

तळेगावात आपलं एकच घर आहे, आणि त्या घराचं नाव मी चौदा वर्षांत तोंडातून काढलेलं नाही. तू माझा एकुलता एक लेक. सातासमुद्रापलीकडून येतोस आणि पहिला पाय कुठे ठेवतोस, तर तिच्या उंबऱ्यात. एक दिवस, एक रात्र तिथे राहतोस. तिथलं खातोस. आणि मग माझ्याकडे येऊन पाय पुढे करतोस.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. जानेवारी २०१२. दिव्या बारा दिवसांची होती, मी तिला न्हाऊमाखू घालायला तुमच्याकडे आले होते. सोमवारी १६ तारखेला इथे रात्री साडेनऊ वाजता माझे बाबा गेले, तिथे सकाळचे अकरा होते. तू दोन तासांत तिकीट काढलंस. मला काही सुचत नव्हतं, स्वप्नालीने माझी बॅग भरली. मी तुला एवढंच म्हटलं, "मित्रामावशीला फोन कर, मी कधी पोचते ते सांग, बाबांना थांबवून ठेव म्हणावं." विमानात एकवीस तास मी डोळा मिटला नाही. बुधवारी पहाटे पाचला तळेगावला दारात टॅक्सी थांबली. अंगण सारवलेलं, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि तुझी मावशी बादली घेऊन उभी. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचलाच तिने सगळं उरकून टाकलं होतं. साडेअकरा तास. माझ्या बापासाठी तिला साडेअकरा तास थांबता आलं नाही. कारण विचारायचीही गरज नव्हती. बाबा कारखान्यातले साधे कामगार, त्यांना दोघींतल्या एकीलाच कॉन्व्हेंटला घालता आलं, मला घातलं. ती म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेली. पन्नास वर्षं मनात धरून ठेवलं आणि शेवटी वसूल केलं.

मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं. एकोणतीस तास तू त्या बाईच्या घरात काय करत होतास? धुकं, दिव्याची शाळा, माझा गुडघा, यातलं काही नको. १० डिसेंबरपर्यंत.

आम्रपाली


ट्रॉय, मिशिगन
९ डिसेंबर २०२५

ती. आईस,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि पुसलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

धुकं नव्हतं. शनिवारी पहाटे पावणेपाचला मी मावशीच्या दारात होतो. तू त्या वेळी आलीस तेच विमान, जवळपास तीच वेळ. मुद्दाम तसंच तिकीट काढलं होतं.

सप्टेंबरमध्ये दिव्याला शाळेत काम दिलं होतं. दोन लांबचे विमानतळ घ्यायचे, त्यांच्यातलं अंतर आणि प्रवासाची वेळ काढायची आणि घरातल्या कोणी तो प्रवास केला असेल तर त्याबद्दल लिहायचं. तिने डेट्रॉइट आणि मुंबई घेतलं. मला विचारलं, "बाबा, मी लहान होते तेव्हा आजी घाईने गेली होती ना, तिला किती तास लागले?" मी म्हटलं, एकवीस. ती म्हणाली, "मग पणजोबांना बघायला ती वेळेवर पोचली का?" तिने वहीत लिहिलं, एकवीस तास, आणि पुढची ओळ कोरी सोडली.

आई, त्या सोमवारी मी मावशीला फोन केला. तू म्हणाली होतीस तसाच. तिने विचारलं, "भूषण, ताई नक्की कधी पोचेल रे? त्यावर सगळं ठरवायचंय." माझ्यासमोर तिकीट होतं. मुंबई बुधवारी पहाटे एक दहा. तळेगाव पहाटे पाच. मी तिला सांगितलं, "बुधवारी संध्याकाळी सहा धरून चाल."

तेरा तास जास्त. चुकून नाही, मोजून. चाकणला आम्ही चेन्नईला गाडी लावायचो, छत्तीस तास लागतात हे माहीत असायचं, पार्टीला अठ्ठेचाळीस सांगायचो. सांगितल्यापेक्षा गाडी उशिरा गेली तर त्यांची लाइन थांबते, आमच्या नावाने बोंब होते. लवकर गेली तर कोणी विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने शिकवलं होतं, "खरी वेळ कधीच देऊ नकोस, भावा." सहा वर्षं तेच केलं, बोट आपोआप पुढचा आकडा लिहायचं. जानेवारी होता, फ्रँकफर्टला बर्फ असतो, तुझं कनेक्शन चुकलं तर? पाहुणे पाचला जमतील आणि तू नसशील, तर मावशीची फजिती. म्हणून वाढवून सांगितलं. लवकर पोचलं तर कोणी ओरडत नाही, हेच डोक्यात होतं. त्या दिवशी लवकर पोचणं हाच सगळ्यात मोठा उशीर होता, हे मला कळलं तू तळेगावहून फोनवर रडलीस तेव्हा.

मी तेव्हा बोललो नाही. तू म्हणत होतीस, मित्राने केलं, मित्राने मुद्दाम केलं. मी फोन धरून उभा होतो. दुसऱ्या दिवशी मावशीला फोन केला की मी ताईला सांगतो. ती म्हणाली, "आता सांगू नकोस. ती नवऱ्यावाचून राहिलेली बाई, तिला तू एकटाच आहेस. माझ्यावर रागावू दे, मी जवळ आहे, मला झेपतं." मी ऐकलं. सोयीचं होतं म्हणून ऐकलं, हेही लिहितो.

या वेळी मी मावशीला घेऊन तुझ्याकडे यायचं ठरवलं होतं. तिच्यासमोर तुला सगळं सांगणार होतो. शनिवार अख्खा तिला मनवण्यात गेला. रविवारी सकाळी तयार झाली, पिशवी घेतली, रिक्षात बसली. स्टेशनच्या अलीकडच्या चौकात रिक्षा थांबवून उतरली. म्हणाली, "तू जा. मला दारातून परत पाठवलं तर या वयात मला परत चालवायचं नाही." मी एकटा आलो. मग तू पायाला तेल लावायला बसलीस आणि माझं तोंड उघडलं नाही.

तुला जे म्हणायचं ते म्हण. मला म्हण. तिला नको.

तुझा,
भूषण


तळेगाव दाभाडे
१८ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

भूषणचा फोन आला होता. पोरगं रडकुंडीला आलंय. म्हणाला, आई फोन उचलत नाही, पत्राला उत्तर नाही, अंजलीला सांगितलं की त्याचं काही आलं तर छापू नको. म्हणून मी लिहायला बसले. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, खाणावळीची वहीच काय ती लिहिलेली. चुकलं माकलं तर तांबड्या शाईने खुणा करशील, कर.

त्याने तुला सगळं सांगितलं म्हणे. मी सांगू नको म्हटलं होतं. आता सांगितलंच आहे तर माझ्याकडचंही ऐक.

बाबा गेले सोमवारी रात्री. अंगणात चाळीस माणसं. भूषण म्हणाला बुधवारी संध्याकाळी सहा. मी बोटांवर मोजलं, जवळजवळ दोन दिवस. बर्फाच्या लाद्या आणवल्या. मंगळवारी दुपारी भंतेजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, अजून सव्वा दिवस ठेवणं बाबांना बरं नाही दिसणार." बाबांचा चेहरा बदलायला लागला होता, ताई. तू लांबून येशील आणि तुला तो चेहरा दिसेल, हे मला नको होतं. तू सकाळी पाचला येणार हे मला माहीत असतं तर मी पदराने वारा घालत बसले असते. एक रात्र काय, मी तीन वर्षं त्यांचं सगळं अंथरुणात केलं होतं.

पहाटे तू उतरलीस. तुला बघून मला पहिल्यांदा बरंच वाटलं, खोटं नाही सांगत. आली गं बाई असं वाटलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पहाटेचे पाच.

मी काही बोलणार तेवढ्यात तू बोललीस. "तुला आयुष्यात एकदा तरी माझ्यापुढे जायचं होतं. गेलीस." मुक्कामाला राहिलेल्या चाळीस माणसांनी ऐकलं. मग तू टॅक्सीवाल्याला म्हणालीस, बॅग काढू नका.

आता मी तुला एक विचारते. रागाने विचारते, मला पण राग येतो, तुझ्या घरचाच आहे तो. तू कंपनीत साहेबाला विचारायचीस, पोस्टमनला विचारायचीस, दूधवाल्याने अर्धा तास उशीर केला तर त्याच्याकडून कारण लिहून घेतलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. भूषणच्या खिशात एक कागद सापडला तर तू पृथ्वी मोजलीस. मग त्या दिवशी मला का नाही विचारलंस? एकच शब्द होता, का. चौदा वर्षं मी वाट बघितली की ताईचं पत्र येईल, वरती नंबर टाकलेलं, खाली तारीख दिलेली, आणि मी उत्तर देईन. पोराचं नाव नसतं घेतलं, काहीतरी सांगितलं असतं. पण तू विचारलंच नाहीस. जगात सगळ्यांकडून तुला उत्तर पाहिजे, माझ्याकडून नको होतं, कारण माझं उत्तर तू आधीच लिहून ठेवलं होतंस. म्युनिसिपालिटीच्या शाळेतली, जळणारी.

मी जळत नव्हते गं. बाबा तुला शाळेत सोडायला सायकलवरून न्यायचे तेव्हा मी मागे फाटकापर्यंत पळत यायचे, ते तुझे पांढरे मोजे बघायला.

भूषणला एवढं ताणून धरू नकोस. पोरगं तेव्हा पण लहानच होतं, आपल्याला ते मोठं वाटत होतं.

तुझी,
मित्रा


जा. क्र. ४/२०२५
चिंचवड
शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५

श्रीमती संघमित्रा हिस,

तुझं पत्र सोमवार, २२ डिसेंबर रोजी दुपारी पावणेतीनला मिळालं. आवक क्रमांक ३. तांबड्या शाईची एकही खूण केलेली नाही. चार दिवस लागले उत्तराला, कारण तीन मसुदे फाडले. कंपनीत मी मसुदा फाडत नसे.

आधी भूषण. त्याला मी वेगळं लिहिलं आहे, जा. क्र. ३, दोनच वाक्यं. पहिलं, की चौदा वर्षं गप्प राहण्याला धंद्याची सवय म्हणत नाहीत. दुसरं, की दिव्याच्या वहीतली ती कोरी ओळ तिच्यासमोर बसून, खरं सांगून, भरायची आणि त्या पानाचा फोटो मला पाठवायचा. तो लहान नव्हता. एकतीस वर्षांचा बाप होता. तू त्याला पाठीशी घातलंस ते घातलंस, त्याचं वय तरी कमी करू नकोस.

आता तू. मी तुझ्यावर रागावलेली आहे, हे स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढचं वाचून तुझा गैरसमज व्हायला नको. तू मला न विचारता ठरवलंस की मला काय झेपतं आणि काय नाही. मला एकच लेक आहे म्हणून मला खरं सांगायचं नाही, हे ठरवणारी तू कोण? मी बाबांच्या पुण्यानुमोदनाला येऊन मागच्या ओळीत परक्यासारखी बसले आणि न जेवता उठले. तुझ्या सुनेच्या ओटीभरणाचं आमंत्रण तसंच परत पाठवलं. तुझे यजमान गेले तेव्हा मी चिंचवडच्या स्टेशनपर्यंत आले, बाकावर दोन लोकल जाऊ दिल्या आणि घरी परत गेले. हे तुला माहीत नसेल. मला हे सगळं करू दिलंस आणि तू तिथे माझ्या वाटणीचं सोसत बसलीस. चौदा वर्षं तू चांगली होतीस आणि मी वाईट, आणि यातलं मला काहीही कळवण्यात आलं नाही. मला कोणी असं वाईट ठेवलेलं मी खपवून घेत नाही, मग ते प्रेमाने का असेना.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. का विचारलं नाही.

मी चार दिवस हेच लिहीत होते. पहिल्या मसुद्यात लिहिलं, दुःखात सुचलं नाही. ते खोटं होतं, फाडलं. दुसऱ्यात लिहिलं, तुझा चेहराच सांगत होता. तेही फाडलं. खरं असं, की मी विमानात एकवीस तास एकच विचार करत होते. बाबांनी शेवटची तीन वर्षं तुझ्या हातून पाणी प्यायलं. माझी रजा संपायची, साहेबांचा दौरा असायचा, मग दिव्या झाली. मी यायचे ती रविवारी, सफरचंदं घेऊन. तू दारात बादली घेऊन उभी होतीस आणि मला वाटलं, ही आता म्हणेल, फार लवकर आलीस ताई. तू ते म्हणायच्या आधी मी बोलले. विचारलं असतं तर तुला बोलायला संधी मिळाली असती. ती मला द्यायची नव्हती.

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कोणालाही, माझं चुकलं, असं लेखी दिलेलं नाही. खाली देते. जपून ठेव, दुसरी प्रत निघणार नाही.

बुधवार, १८ जानेवारी २०१२ रोजी पहाटे पाच वाजता तुझ्या अंगणात, चाळीस माणसांसमोर, मी जे वाक्य बोलले ते चूक होतं. ते मी मागे घेते. त्या चाळीसांपैकी जे हयात आहेत त्यांना तू हे पत्र वाचून दाखवू शकतेस.

पांढऱ्या मोज्यांचं. ते मोजे आई रात्री धुवायची आणि चुलीजवळ वाळवायची. वाळले नाहीत तर सकाळी तू ते हाताने दाबून दाबून कोरडे करायचीस. मला आठवतं. मी हे कधी बोलले नाही म्हणून मला आठवत नाही असं समजू नकोस.

आता कामाचं. डेट्रॉइट ते मुंबईचं अंतर मी पाहून ठेवलं, तसं अंजलीकडून हेही काढून घेतलं. चिंचवड ते तळेगाव, लोकलने सुमारे अठरा किलोमीटर, मध्ये आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, साधारण पंचवीस मिनिटं. भूषणसारखं वाढवून सांगत नाही. गुडघ्यामुळे जिना उतरायला दहा मिनिटं, स्टेशनपर्यंत रिक्षा पंधरा, तळेगावला उतरून तुझ्या दारापर्यंत रिक्षा आणखी पंधरा. तू चौकात रिक्षातून उतरलीस ती उतरलीस, मी उतरणार नाही.

१७ जानेवारी २०२६ ला शनिवार आहे. बाबांना त्या संध्याकाळी साडेपाचला नेलं, त्याला चौदा वर्षं होतात. मी पहाटेच्या पहिल्या लोकलने निघेन. अंगण आदल्या दिवशी सारवू नकोस, खुर्च्या रचून ठेवू नकोस. बादली आत ठेव.

मी पोचेपर्यंत थांबशील की नाही, एवढंच मला हवं. फोन नको, भूषणकरवी निरोप नको. तुझ्या हाताने लिहिलेलं उत्तर माझ्या दारात सोमवार, १२ जानेवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत आलं पाहिजे. एक शब्द चालेल.

तुझी ताई,
आम्रपाली